फक्त फिलाडेल्फियासाठी

२ जानेवारी

ही डायरी कोपऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्यांनी फुकट दिली. माझा नवरा ऑगी गेला तेव्हा त्याचं सगळं त्यांच्याकडेच झालं, त्यामुळे आम्ही त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर नाताळात डायरी येते आणि दरवर्षी मी तिच्यात वाणसामानाच्या याद्या करते. यंदा रीतसर लिहायचं ठरवलंय, कारण काल मरीसाशी जे ठरलं त्याचा लेखी पुरावा हवा. ती माझी मुलगी आहे. शब्द फिरवायला माझ्याकडूनच शिकली.

काल नववर्षाची मिरवणूक झाली. ऑगीचं बॅन्जोपथक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेलं, पिसांचे पोशाख, सगळं तसंच. त्याच्या जागी एक टकला बॅन्जो वाजवत होता. मी थोडी रडले. मरीसाने नेमकी तीच वेळ साधली. जेवायला बसल्या बसल्या म्हणाली, "आई, घर वीक आणि माझ्याकडे फिनिक्सला चल."

नोव्हेंबरात मी दाराबाहेरच्या पायऱ्यांवरून घसरले, तेव्हापासून तिचं हे चाललंय. वीस मिनिटं पडून होते. शेजारचे मिस्टर केओ कचरा टाकायला आले म्हणून सापडले. गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या, ॲम्ब्युलन्सला थांबायला जागा नाही. शेवटी मला घरातल्या गाऊनवर खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. सगळी गल्ली बघत होती. पाय मोडला नव्हता, अब्रू गेली ती गेली.

"मी रिकामी नाही बसलेय," मी म्हणाले. "वरच्या दोन खोल्यांत पाहुणे येतात. परदेशातले येतात."

मरीसा हसली. ती फिनिक्सच्या एका प्रवासी कंपनीत आहे, लोकांना जगभर धाडते, त्यामुळे तिला सगळं कळतं.

"आई, ते न्यूयॉर्कला चाललेले असतात, नाहीतर वॉशिंग्टनला. मधे झोपायला तुझ्याकडे. आमच्या धंद्यात याला ठिकाण म्हणत नाहीत, थांबा म्हणतात."

"एवढं मोठं शहर आहे!"

"मोठं असून काय उपयोग? समुद्र ओलांडून खास त्या गावासाठी माणूस विमानात बसला, तर ते जगाच्या नकाशावरचं गाव. नाहीतर नुसतंच मोठं."

"बसतात की!"

"एक दाखव. एकच."

माझं डोकं फिरलं आणि मी पैज लावली. तर अटी अशा. १९ मार्च, म्हणजे सेंट जोसेफच्या दिवसापर्यंत समुद्रापलीकडचा एक पाहुणा यायला हवा, जो फक्त फिलाडेल्फियासाठी आलाय. न्यूयॉर्कला जाता जाता आलेला चालणार नाही, नातेवाइकांकडे आलेला चालणार नाही. त्याने ते पाहुण्यांच्या वहीत आपणहून लिहायला हवं. मी विचारायचं नाही, सुचवायचं नाही. मी जिंकले तर ती घर विकण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. हरले तर वसंतात दारावर 'विकणे आहे'ची पाटी लागेल.

मिस्टर केओ जेवायला होते. त्यांना साक्षीदार केलं. ते म्हणाले, "मिस लॉरेटा, पोर्क फार छान झालंय." याला साक्ष म्हणायची का?

५ जानेवारी

मरीसा गेली. जायच्या आधी माझी इंटरनेटवरची घराची जाहिरात बदलून गेली.

"'जिना अरुंद आहे. न्हाणीघर एकच. शेजारी मोठ्याने बोलतात.' आई, ही जाहिरात आहे की पोलिसात तक्रार?"

"खरं तेच लिहिलंय."

"सरक. मी लिहिते."

बराच वेळ खाडखाड टाइप करत होती. मधेच नाक पुसलं. इथल्या थंडीची सवय राहिली नाही तिला. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, चष्मा सापडत नव्हता. एकही माणूस फिरकू नये असंच काहीतरी लिहिलं असणार. पैज जिंकायचीय तिला.

जाताना पायऱ्यांवर टाकायच्या मिठाची गोणी आणली आणि मिस्टर केओंच्या हवाली केली. मला हात नाहीत का?

११ जानेवारी

बेल्जियमचं जोडपं आलं, तीन रात्री राहिलं. सकाळी सहाला उठून न्यूयॉर्कला जायचे, रात्री परत. तिथे हॉटेलं महाग म्हणून इथे झोपायला. वहीत लिहिलं, "गादी उत्तम." ऑगीच्या आईची गादी आहे. पण गादीने पैज जिंकत नाहीत.

२४ जानेवारी

ब्राझीलचा एक तरुण आला. वॉशिंग्टनला निघाला होता, गाडीत झोप लागली, जाग आली तेव्हा डबा फिलाडेल्फियात उभा होता. घाबरून उतरला. सकाळी मी अंड्यांबरोबर स्क्रॅपल तळून दिलं. त्याने विचारलं, यात काय असतं? मी म्हणाले, डुकराचं जे कशातच घालत नाहीत ते सगळं. त्याने बशी सरकवली आणि स्टेशनवर गेला.

बर्फ पडला होता, वीतभर. मिस्टर केओंनी माझ्या दारासमोरची रस्त्यावरची जागा फावड्याने उपसून काढली आणि आपली स्वयंपाकघरातली निळी खुर्ची तिथे ठेवली. आमच्याकडे हा कायदाच आहे: ज्याने बर्फ उपसला त्याची जागा, आणि जागेवर खुर्ची. पोलीस दरवर्षी सांगतात की असं करायचं नाही. दरवर्षी कोणी ऐकत नाही.

मला कळत नाही ते एवढंच, की मिस्टर केओंकडे गाडी नाही. मीही ऑगीची गाडी केव्हाच विकली. मग खुर्ची कशाला? म्हातारा गाडी घ्यायच्या विचारात असणार. माझ्या दारासमोरच्या जागेवर डोळा आहे त्याचा. लक्ष ठेवलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

फोनवर भांडण. आयर्लंडचा एक भला माणूस चार दिवस राहिला. कुठेही गेला नाही, याच गावात फिरला. मी मरीसाला फोन लावला. "हरलीस!"

"आला कशासाठी होता?"

"भावाच्या लग्नाला."

"नाही चालणार. नातेवाईक."

"अगं, पण रोज तिसऱ्या प्रहरी भाजलेल्या पोर्कचं सँडविच खायचा! वर कडू पालेभाजी घालून! इथल्या माणसासारखा!"

"आई, भाऊ ओमाहाला असता तर हा ओमाहाला गेला असता."

तिचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच राग आला. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पायऱ्यांवर मीठ टाकलंय ना? काल रात्री गोठलं होतं." फिनिक्समध्ये बसून हिला आमच्या पायऱ्या कशा दिसतात कोण जाणे.

९ फेब्रुवारी

आज कोणी नाही. सहा दिवस झाले, दोन्ही खोल्या रिकाम्या.

रात्री जिन्यात बसले होते, म्हटलं, खरं तेच लिहू. मरीसाचं बरोबर असेल तर? आमच्याकडे आहे काय? एक स्वातंत्र्याची घंटा, तीही तडा गेलेली. तडा गेलेल्या घंटेसाठी कोण समुद्र ओलांडेल? एकसष्ट वर्षं मी या गल्लीत काढली. जन्म सहा दारं पलीकडे, लग्न कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये. मला हे गाव जगाएवढं वाटतं ते मी जग पाहिलं नाही म्हणून असेल.

फिनिक्सला म्हणे पायऱ्याच नसतात. सगळी घरं जमिनीसरशी. कोणी पडत नाही, आणि दारासमोर कोणी बसतही नाही.

मला जायचं नाही. एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

पाहुणी आली. नाव यित्का. चेक देशातल्या ओस्त्रावा नावाच्या गावची. पंचावन्नच्या आसपास, खांदे रुंद, केस बारीक कापलेले, बोलणं अगदी मोजकं. आठ रात्री राहणार. बॅग स्वतःच वर नेली आणि येऊन म्हणाली, "जिना चांगला. कठडा घट्ट." आजवर माझ्या जिन्याला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नाश्त्याला यित्काने विचारलं, "इथे काय बघायचं?"

"इथे?" मी म्हणाले. "फेब्रुवारीत? काही नाही. घंटा आहे, तिला तडा गेलाय. तुम्हाला इथे पाठवलं कोणी?"

ती काहीतरी बोलणार होती, पण मी थांबले तर ना. म्हटलं, बिचारी एवढी लांबून आलीय, हिला आठ दिवस या थंडीत सडवायचं कशाला? "न्यूयॉर्क दोन तासांवर आहे. उंच इमारती, नाटकं, सगळं जग तिथे जातं. इथे राहून काय करणार? बस कोपऱ्यावरूनच सुटते." वेळापत्रक लिहून दिलं. सलामी आणि चीज भरून हातभर लांब पावाची होगी बांधून दिली. बॅगही बरोबर न्या म्हटलं, तिकडेच राहा, माझं काही म्हणणं नाही.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर ठीक." आणि गेली.

माणूस चांगला असला की त्याला खरं सांगावं. मला समाधान वाटलं.

संध्याकाळी मरीसाचा फोन. "कोणी आलं होतं का?" आवाजात घाई. हरतेय की जिंकतेय याचीच चिंता पोरीला. मी म्हटलं, "एक आली होती. न्यूयॉर्कला पाठवली."

"पाठवली म्हणजे? कोणी?"

"मी."

तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, देवा रे."

१७ फेब्रुवारी

मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

दुपारी मिस्टर केओ लिंबाच्या पानांचं सूप घेऊन आले. म्हणाले, "ट्रामवाल्या बाई कुठे आहेत? त्यांच्यासाठी जास्त केलंय."

"कोण ट्रामवाल्या?"

"तुमच्या पाहुण्या. परवा पायऱ्यांवर भेटल्या. तीस वर्षं ट्राम चालवली त्यांनी. गिरार्ड अव्हेन्यूवरच्या जुन्या ट्राम बघायला आल्यात. मला रस्ता विचारत होत्या."

"न्यूयॉर्कला जाता जाता ना?"

"नाही हो, मिस लॉरेटा. फक्त त्या ट्रामसाठी. रजा साठवून आल्यात, आठ महिने."

मी सुपाचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. सहा आठवड्यांत एकच माणूस आला, समुद्र ओलांडून, खास आमच्यासाठी. त्याला मी डबा बांधून दुसऱ्या गावाला घालवलं. मरीसाला काही करावंच लागलं नाही.

मिस्टर केओ म्हणाले, "मी नॉम पेन्हहून इथे आलो तेव्हा या गल्लीत पहिल्याच दिवशी मला चौघांनी विचारलं होतं, इथे कशाला आलास? मला वाटलं, हाकलतायत. मग चौघांनीही जेवायला बोलावलं. तुम्ही लोक असंच 'या बसा' म्हणता, हे कळायला मला वर्ष लागलं."

"त्या बाईकडे वर्ष नाही," मी म्हणाले, आणि रडले. सूप मात्र सगळं प्यायले.

१८ फेब्रुवारी

आली! परत आली!

दुपारी चारला दार वाजलं. समोर यित्का, खांद्यावर बॅग, डोक्यावर बर्फाचे पहिले कण. म्हणाली, "न्यूयॉर्क पाहिलं. मोठं आहे. आता ट्राम."

मी तिला मिठीच मारली. तिला अर्थातच काही कळेना. विचारायचं नाही, सुचवायचं नाही, अट आहे. पण मिठी मारायला बंदी नव्हती. जिवात जीव आला म्हणतात तो आज कळला.

नाश्त्याला जे बोलायचं राहिलं होतं ते तिने आता सांगितलं. ती ज्या ट्राम चालवायची त्या तिच्या देशात बनल्या, पण नमुना अमेरिकेचा. "माझ्या ट्रामची आई. रस्त्यावर अजून चालते. लोकांना घेऊन." मी म्हटलं, अशा सॅन फ्रान्सिस्कोलाही आहेत, टीव्हीवर पाहिल्यात. (बघा, जीभ काही सुधारत नाही.) ती म्हणाली, "त्यातल्या खूप तुमच्याकडून गेलेल्या. मी लेकी बघायला नाही आले."

आता बाहेर बर्फ सारखा पडतोय.

१९ फेब्रुवारी

दिवसभर बर्फ. ट्राम बंद. यित्काने माझा ठिबकणारा नळ दुरुस्त केला. विमान रविवारी आहे तिचं. बर्फ पडायचा थांबला पाहिजे.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते या गल्लीत पन्नास वर्षं सांगतील.

पहाटे बर्फ थांबला. ढोपरभर होता. सकाळी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर. मिस्टर केओंनी आधी माझ्या पायऱ्या, मग दारासमोरची जागा उपसली, निळी खुर्ची ठेवली. बाकीच्यांनी आपापल्या जागा काढल्या, त्यांवर आपापल्या वस्तू ठेवल्या आणि घरोघरची कमावती माणसं गाड्या घेऊन कामाला गेली. समोरच्या फिलोमिनाने इस्त्रीचं टेबल ठेवलं, कोणी बागेतली खुर्ची, एकाने प्लॅस्टिकचा सांताक्लॉज.

मी पाव आणायला गेले. अर्ध्या तासाने परतले तर रस्ता साफ! खुर्च्या, टेबल, सांताक्लॉज, एकूण अकरा वस्तू फुटपाथवर भिंतीशी ओळीत, सैनिकांसारख्या. शेवटची कुंडी हातात घेऊन यित्का. आणि मोकळ्या जागांवर दोन परक्या गाड्या आधीच येऊन बसलेल्या.

तेवढ्यात फिलोमिनाचं दार उघडलं. बाईचा आवाज नदीपलीकडे जातो.

"कोण आहे ही बया? माझं टेबल कोणी हलवलं? दोन तास कंबर मोडली माझी ती जागा काढताना!"

एकेक दार उघडलं. कोणी बनियनवर, कोणी हातात चमचा घेऊन. सगळे एकदम बोलत होते. मी मधे पडायला धावले, पण यित्का तसूभर हलली नाही. तीस वर्षं ट्राम चालवलेली बाई ती.

"रस्त्यात खुर्ची," ती म्हणाली. "अपघात होतो. ट्राम कशी जाणार?"

"या गल्लीत ट्राम नाहीच मुळी!"

"मग बस."

"बसही नाही! न्यूयॉर्कहून आलीय वाटतं!" आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

"न्यूयॉर्क पाहिलं. दोन रात्री," यित्का म्हणाली. "मी इथे आले."

"इथे म्हणजे कुठे?"

"फिलाडेल्फिया."

"आणि इथून पुढे?"

"घरी. ओस्त्रावा. समुद्रापलीकडे."

फिलोमिनाचा हात हवेतच राहिला. "म्हणजे फक्त फिलाडेल्फियासाठी?"

"फक्त."

छपरावरून बर्फाचा गोळा पडला तो ऐकू आला. अकरा घरांसमोर तिने सांगितलं, आणि मी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला वाटलं, आता फिलोमिना तिच्या गळ्यात पडणार.

"का?" फिलोमिना ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? इथे आहे काय बघायला?"

मी कपाळावर हात मारला. माझाच आवाज समोरच्या दारातून येत होता.

मिस्टर केओ सांताक्लॉजशेजारी उभे होते. कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. "मिस फिलोमिना, या बाई आपल्या ट्राम बघायला आठ महिने रजा साठवून आल्यात. आणि ट्राम बर्फात अडकल्यात. आणि रविवारी यांचं विमान आहे."

त्यानंतर काय झालं ते नीट सांगताही येत नाही. फिलोमिनाने "अगं बाई गं" म्हणत तिला हाताला धरून घरात ओढलं. सूप आलं, पोर्क आलं, कोणी मोहरी लावलेली प्रेटझेलं आणली. मग भांडण सुरू झालं, पण वेगळंच. नदीकाठ आधी की बाजार आधी? पोर्कचं सँडविच कोणाकडचं? चित्रं बघायला जायचं की जुना तुरुंग? "तिथे नेऊ नकोस, ते लुटतात!" "तू गप, तुला चव आहे का?" मी गप्प बसून ऐकत होते. एकसष्ट वर्षांत या लोकांनी या गावाबद्दल एवढं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. सहा महिने पुरेल एवढी यादी झाली. यित्काने सगळं छोट्या वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि खुर्च्या?"

संध्याकाळपर्यंत तिने अकराही वस्तू जागच्या जागी ठेवल्या होत्या, इंचाचाही फरक न होता. कोणती कोणाची ते तिला पाठ होतं. परक्या गाड्यांचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही, डायरी पुरावा म्हणून ठेवलीय.

२२ फेब्रुवारी

ट्राम सुरू झाल्या. यित्काबरोबर मीही गेले. गिरार्ड अव्हेन्यूवर गार वाऱ्यात चाळीस मिनिटं उभ्या. मग दुरून ती आली, हिरवी-पांढुरकी, जुनी, गोल कपाळाची, घंटा वाजवत. यित्काने टोपी काढली.

ती बसली नाही. ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली, दांड्याला धरून. मी बघत होते. ड्रायव्हरने पायाने वेग घेतला की तिचाही उजवा पाय तसाच दाबला जायचा. वळणाआधी तिचा पाय त्याच्या आधी उचलला जायचा. दोन्ही टोकांपर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला ड्रायव्हरने विचारलं, "बाई, उतरायचं कुठे तुम्हाला?" ती म्हणाली, "कुठेच नाही." डोळे पुसायचं तिने टाळलं, मीही टाळलं.

ऑगी असताना आम्ही या ट्रामने जायचो. तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघायचे. आज पहिल्यांदा ट्राम पाहिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

यित्का गेली. अख्खी गल्ली निरोपाला. टॅक्सी माझ्या दारासमोर थांबली, मिस्टर केओंनी खुर्ची बाजूला केली म्हणून.

निघण्याआधी ती पाहुण्यांच्या वहीसमोर बसली. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, ताटं घासत बसले, घासलेली पुन्हा घासली. विचारायचं नाही, सुचवायचं नाही. ती गेल्यावर धावत जाऊन पाहिलं. पान भरून मजकूर, आणि सगळा चेक भाषेत! मला फक्त गावाचं नाव ओळखू आलं, आणि माझं.

पानाचा फोटो काढून मरीसाला पाठवला आणि फोन लावला. "तुझ्या त्या यंत्रात घाल आणि वाच. जे असेल ते वाच, लपवू नकोस."

तिने मोठ्याने वाचायला घेतलं.

"'मी तीस वर्षं ट्राम चालवली. माझ्या ट्रामची आई बघायला समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला आले. आणखी कुठे जायचं नव्हतं.'" मरीसा थांबली. "आई, जिंकलीस."

हुश्श! मी खालीच बसले, जिन्याच्या पहिल्या पायरीवर. घर राहिलं. "पुढे वाच," मी म्हणाले.

"पुढे काही विशेष नाही."

"पान भरलंय मरीसा. वाच."

"'घराच्या जाहिरातीत...'" ती खाकरली. "'जाहिरातीत लिहिलं होतं, दार माझी आई उघडेल. ती सांगेल, इथे बघण्यासारखं काही नाही. तिचं ऐकू नका. या गावात सगळ्यात आधी बघण्यासारखी तीच आहे. जाहिरातीत एवढं वाचूनही मी तिचं ऐकलं आणि दोन दिवस घालवले. चूक माझी.'"

"हे कोणी लिहिलं होतं?" मी विचारलं.

"तुला माहितेय."

"पैजेनंतर?"

"नंतर."

"मग तुला जिंकायचं होतं की हरायचं?"

ती रडत होती. आता मला कळलं, जानेवारीत नाक कशाने वाहत होतं. "आई, तू वीस मिनिटं थंडीत पडली होतीस. मला फक्त एवढंच हवं होतं की तुझं दार रोज कोणीतरी वाजवावं. लांबून का होईना, यावं. आणि आता अकरा घरं बाहेर आली म्हणे एका पाहुणीसाठी. मला झोप येईल आता."

मीही रडले. मग मला एकदम आठवलं. "अकरा घरं तुला कोणी सांगितलं? मी अजून सांगितलंच नाही."

"सांगितलंस की."

"नाही सांगितलं."

"विसरली असशील," म्हणाली आणि दुसरं काहीतरी बोलायला लागली. असेल बाई. आज काहीही विसरले असेन.

१९ मार्च

सेंट जोसेफ. बेकरीपुढे रांग. क्रीम भरलेल्या झेपोल्यांचे दोन डबे घेतले. एक फिनिक्सला पोचणार नाही, म्हणून मरीसाला फोटो पाठवला. ती म्हणाली, ईस्टरला येते, माझा डबा ठेव. घराचा विषय नाही. शब्दाची पक्की आहे, माझ्यावर गेलीय.

दुसरा डबा मिस्टर केओंना दिला. बर्फ जाऊन तीन आठवडे झाले, तरी निळी खुर्ची रोज सकाळी माझ्या दारासमोर असतेच. आज विचारलं, "गाडी कधी घेताय?"

"मला गाडी चालवता येत नाही, मिस लॉरेटा."

"मग जागा कोणासाठी?"

"लागते कधीतरी एखादी गाडी घाईने यायला," म्हणाले, आणि झेपोल्याच्या क्रीमने मिशी भरवून घेतली. फार विचित्र माणूस. पण राहू दे खुर्ची. अडचण तर होत नाही.

दुपारी नवी पाहुणी आली, लिस्बनची. कोट काढता काढताच विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

उत्तर जिभेवर तयारच होतं. गिळलं.

"किती दिवस आहात?"

"दोन."

"कमी पडतील," मी म्हणाले.